३६ फुटी शिडाच्या बोटीवर रडार कुठे बसवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण तिघे नागपूरकर मित्र मिळून मुंबईत नांगरलेली ३६ फुटी, एका डोलकाठीची शिडाची बोट चालवता आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात तिच्यातून गोव्यापर्यंत जाऊन परत येता. आता तिच्यावर १८ इंची रेडोमचे (अँटेना झाकणाऱ्या गोल डब्याचे) रडार बसवायचे आहे. बंदरातील जाणकार ‘जितके उंच तितके चांगले’ असे सांगून ते डोलकाठीवर, पहिल्या स्प्रेडरजवळ (काठीच्या तारा बाजूला ताणून धरणाऱ्या आडव्या दांड्याजवळ), पाण्यापासून सुमारे ७ मीटर उंचीवर बसवायला सुचवत आहेत. आपल्याला मात्र स्टर्नवर, म्हणजे बोटीच्या मागच्या टोकावर, स्वतंत्र पोल उभारून त्यावर ते बसवणे अधिक सोयीचे वाटते. या दोन्हींतील योग्य काय, असे आपण विचारले आहे.

व्यापारी जहाजांवर विद्युत अधिकारी म्हणून काम केल्यानंतर मी बरीच वर्षे लहान बोटींवर उपकरणे बसवण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: आपल्या बोटीसाठी आणि आपल्या मार्गासाठी स्टर्नवरचा पोल योग्य आहे. त्याची उंची पाण्यापासून सुमारे साडेतीन मीटर असावी, तो उजव्या कोपऱ्यात असावा आणि त्याच्या माथ्यावर रेडोम समतल करता येईल असा ब्रॅकेट असावा. या शेवटच्या अटीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो.

प्रथम उंचीचा हिशेब मांडतो, कारण बहुतेक चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. रडारच्या लहरी पृथ्वीच्या वक्रतेबरोबर किंचित वळतात, तरीही त्यांना क्षितिज असतेच. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला २.२ ने गुणले की ते क्षितिज सागरी मैलांत मिळते. समोरच्या वस्तूच्या उंचीचाही असाच आकडा काढून त्यात मिळवायचा असतो. अँटेना साडेतीन मीटरवर असेल तर तिचे क्षितिज ४.१ मैलांवर येते आणि ७ मीटरवर असेल तर ५.८ मैलांवर. समोर ३० मीटर उंचीचे मालवाहू जहाज असल्यास त्याचे १२ मैल दोन्हींत मिळवावे लागतात, म्हणजे पोलवरून ते सुमारे १६ मैलांवर आणि डोलकाठीवरून सुमारे १८ मैलांवर क्षितिजावर येते. ते जहाज १५ नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) समोरून येत असेल आणि आपण ५ नॉटने जात असाल, तर या फरकाने आपल्याला अंदाजे पाच मिनिटे जास्त मिळतात. एरवी हाताशी पाऊण तास असतोच. उंची दुप्पट केल्याने टप्पा दुप्पट होत नाही, कारण सारा हिशेब वर्गमुळाचा आहे.

उंचीच्या बाजूने एक खरा आणि वजनदार मुद्दा मात्र आहे, आणि तो सहसा कोणी मांडत नाही. शांत समुद्रात रडारची लहर लक्ष्यापर्यंत दोन वाटांनी पोहोचते. एक सरळ आणि दुसरी पाण्यावरून परावर्तित होऊन. पाण्यालगतच्या, ठेंगण्या लक्ष्याच्या बाबतीत काही अंतरापलीकडे या दोन वाटांच्या लहरी एकमेकींना मारक ठरतात आणि प्रतिध्वनी झपाट्याने क्षीण होत जातो. अँटेनाची उंची दुप्पट केली, तर अशा ठेंगण्या लक्ष्याचा टप्पा सिद्धांताने साधारण १.४ पट वाढतो. कोकण किनाऱ्यावर रात्री आपली खरी चिंता मालवाहू जहाजांची नसते. ती लाकडी किंवा फायबरच्या मच्छीमार होड्यांची असते, ज्यांचा प्रतिध्वनी मुळातच दुबळा असतो आणि ज्यांच्यावर एआयएस (जहाजाची ओळख आणि जागा आपोआप कळवणारे यंत्र) असेलच याचा भरवसा नसतो. म्हणून हा लाभ मी क्षुल्लक मानत नाही. मात्र तो बोट सरळ उभी असतानाच मिळतो, आणि शिडाची बोट बराच वेळ सरळ उभी नसते.

लहान रेडोमच्या झोताची उभी रुंदी साधारण २५ अंश असते, म्हणजे क्षितिजाच्या वर साडेबारा आणि खाली साडेबारा अंश. बोट वाऱ्याने २० अंश कलली की डोलकाठीवर घट्ट बसवलेला रेडोमही तिच्याबरोबर २० अंश कलतो. अशा वेळी ज्या बाजूला बोट कलली आहे, त्या बाजूच्या आडव्या दिशेला झोताची वरची कडसुद्धा क्षितिजाच्या साडेसात अंश खाली जाते. ७ मीटर उंचीवरून ती सुमारे ५३ मीटरवर पाण्याला टेकते आणि त्यापलीकडे त्या दिशेला मुख्य झोत पोहोचतच नाही. उचललेल्या बाजूला याच्या उलट घडते आणि झोताची खालची कडही क्षितिजाच्या वर आकाशात जाते. झोताच्या कडेबाहेर थोडी ऊर्जा सांडत असतेच, त्यामुळे मोठी पोलादी जहाजे तरीही दिसतात. नाहीसा होतो तो नेमका लहान होडीचा प्रतिध्वनी. समोर आणि मागे मात्र कलण्याचा परिणाम होत नाही. गणित केले तर २० अंश कललेल्या बोटीवर नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना सुमारे ३९ अंशांपर्यंतच क्षितिज मुख्य झोतात राहते. कल १५ अंशांवर आणला तर ही मर्यादा ५७ अंशांपर्यंत वाढते.

आता हे आपल्या मार्गावर ठेवून पाहावे. हंगामात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. गोव्याकडे जाताना तो पाठीशी असतो, बोट फारशी कलत नाही आणि रडार कुठेही बसवलेले असले तरी चालते. परतीच्या प्रवासात मालवण, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड असे उत्तरेकडे येताना तोच वारा डाव्या गालावर घेऊन आपण तासन्‌तास कललेल्या अवस्थेत जाता. बोट तेव्हा उजवीकडे, म्हणजे पूर्वेला, किनाऱ्याकडे कललेली असते. बंदरांतून बाहेर पडणाऱ्या आणि जाळी टाकून बसलेल्या होड्या त्याच बाजूला असतात आणि न समतल केलेल्या रडारचा झोत तिकडे पाण्यात शिरलेला असतो. पश्चिमेला जहाजांची वर्दळ असते आणि तिकडे झोत आकाशात गेलेला असतो. पहाटे जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यात किंवा इंजिनावर चालताना हा प्रश्न उरत नाही, परंतु रडार केवळ तेवढ्यासाठी बसवायचे नसते.

यावर उपाय म्हणजे समतल करता येणारा ब्रॅकेट. तो डोलकाठीवरही बसवता येतो, पण तिथे तो वजनाने जड पडतो, शिडाच्या वाटेत येतो आणि बिघडला तर वर चढल्याशिवाय हाताला लागत नाही. स्टर्नच्या पोलवर तोच ब्रॅकेट डोक्याच्या थोडा वर, हाताच्या अंतरावर राहतो. त्याचे दोन प्रकार मिळतात. एक स्वतःच्या वजनाने झुलून समतल होतो आणि त्याला झुलणे आवरणारा द्रवाचा डँपर असतो; दुसरा दोरीने किंवा खिट्टीने हाताने बसवावा लागतो. डँपर नसलेला, मोकळा झुलणारा ब्रॅकेट कृपया घेऊ नये, कारण लाटांवर तो इतका हेलकावतो की कललेला पण स्थिर रेडोम परवडला असे म्हणावे लागते. कोकण किनाऱ्यावर एकच टॅक (वारा एकाच बाजूने घेऊन चालणे) कित्येक तास टिकतो, त्यामुळे माझी पसंती हाताने बसवायच्या साध्या ब्रॅकेटला आहे. टॅक बदलला की तो एकदा बदलावा लागतो, इतकेच.

डोलकाठीवरील जागेविषयी आणखी एक आक्षेप माझ्या मते तितकाच गंभीर आहे. डोलकाठीच्या पुढे बसवलेल्या रेडोमच्या पाठीशी ती काठी उभी असते. आपल्या बोटीची काठी सुमारे १२ सेंटीमीटर रुंद आणि अँटेनाच्या केंद्रापासून सुमारे ४० सेंटीमीटरवर असेल असे धरले, तर मागचा १५ ते २० अंशांचा पट्टा तिच्या सावलीत जातो आणि तिथले प्रतिध्वनी मंद होतात. आपण ५ नॉटने जाता आणि मालवाहू जहाजे त्याच्या तिप्पट वेगाने मागून येतात. म्हणजे सावली नेमकी त्या बाजूला पडते, जिकडे बसलेला मनुष्य स्वतःहून कमी पाहतो.

स्टर्नवरून पाहिले तरी डोलकाठी समोर आहेच, परंतु ती सुमारे सहा मीटर दूर असते. तिथून तिची रुंदी जेमतेम एक अंश भरते, तर १८ इंची रेडोमच्या झोताची आडवी रुंदी पाच अंशांच्या आसपास असते. त्यामुळे काठी झोताचा थोडा भाग अडवते, सारा अडवत नाही. तरीही ती ठीक नाळेच्या रेषेत येऊ नये म्हणून पोल मधल्या रेषेपासून बाजूला, कोपऱ्यात घ्यावा. एक मीटर बाजूला घेतला तर काठीची सावली नाळेपासून नऊ-दहा अंश सरकते. पोल उजव्या कोपऱ्यात घेतल्यास ती सावली डावीकडे जाते, आणि इंजिनावर चालताना ज्या जहाजाला आपण वाट द्यायची असते ते उजवीकडून येते. ती बाजू मोकळी राहणे बरे. शिडी, विंड व्हेन (वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू) किंवा गॅसची पेटी आड येत असेल तर डावा कोपराही चालेल, त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

झोताच्या आडव्या रुंदीचा विषय निघालाच आहे, तर रेडोमच्या आकाराबद्दल दोन वाक्ये लिहितो. अँटेना जितकी रुंद तितका झोत अरुंद, हा नियम सर्व रडारांना सारखाच लागू आहे. आपल्या नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे डॉप्लर रडार ढग बारकाईने वेगळे करू शकते, ते त्याची मोठी तबकडी झोत सुमारे एका अंशापर्यंत आवळते म्हणून. पाच अंशांचा झोत दोन मैलांवर सव्वातीनशे मीटर रुंद होतो आणि तेवढ्यात असलेल्या दोन होड्या पडद्यावर एकच ठिपका होऊन दिसतात. २४ इंची रेडोम घेतला तर झोत चार अंशांच्या जवळ येतो आणि हीच रुंदी सुमारे २६० मीटरवर येते. डोलकाठीवर २४ इंची रेडोम जेनोआच्या (पुढच्या मोठ्या शिडाच्या) वाटेत हमखास येतो. पोलवर तो सहज मावतो. खर्चाची तयारी असेल तर मी उंचीवर खर्च करण्याऐवजी या सहा इंचांवर करीन.

वजनाचा मुद्दा अनेक जण पोलच्या बाजूने मांडतात, पण इथे तो निकाल लावत नाही. ब्रॅकेटसह दहा किलोचे रडार ७ मीटरवर ठेवणे आणि तेच साडेतीन मीटरवर ठेवून त्याखाली दहा-अकरा किलोचा पोलादी पोल उभा करणे, यांत बोट कलवणारा परिणाम जवळपास सारखाच येतो. सहा-सात टनांच्या बोटीला दोन्ही पेलतात.

जेनोआबाबत मात्र निष्काळजी राहू नये. टॅक बदलताना ते शीड डोलकाठीच्या पुढून घासत जाते आणि दर वेळी रेडोमवर आपटते. त्यासाठी पोलादी कडे बसवावे लागते, आणि तरीही काही काळाने शिडाची शिवण तिथेच उसवते. शिवाय आपल्या बोटीचा स्टीमिंग लाइट (इंजिनावर चालताना लावायचा समोरचा दिवा) त्याच उंचीवर असेल, तर रेडोम त्याचा प्रकाश अडवणार नाही हेही पाहावे लागते. तो दिवा समोरून दोन्ही बाजूंना मिळून २२५ अंशांत अखंड दिसला पाहिजे.

आपण नागपुरात राहता, ही गोष्ट माझ्या दृष्टीने तांत्रिक मुद्द्यांइतकीच महत्त्वाची आहे. आपण बोटीवर सुट्टीपुरते पोहोचता आणि त्या वेळात डोलकाठीवर चढायला तयार असा माणूस मिळेलच असे नाही. रडारचा जोड सैल झाला, केबलच्या तोंडाशी पाणी शिरले, रेडोमचा एखादा स्क्रू गंजला, तर पोलवर हे काम आपण स्वतः पाना घेऊन सकाळच्या वेळात उरकू शकता. डोलकाठीवरच्या रडारची केबल काठीच्या आतून खाली उतरते आणि डेकमधून आत जाते. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर घेताना काठी उतरवायची असल्यास तिथे जोड ठेवावा लागतो, आणि खाऱ्या हवेत पहिला बिघाड अशा जोडातच होतो. पोलपासून चार्ट टेबलपर्यंतची केबल आठ-दहा मीटरची, अखंड आणि जोडाविना राहते. डोलकाठीसाठी ती जवळपास दुप्पट लागते.

पोल नागपुरातच करून घेता येईल. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचे चांगले काम करणारे कारागीर आहेत, पण इथे रेलिंग आणि टाक्यांसाठी बहुधा ३०४ ग्रेड वापरली जाते. आपण ३१६एल ग्रेडचाच आग्रह धरावा आणि पाइपच्या खरेदीसोबत ग्रेडचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. ६० मिलिमीटर बाहेरचा व्यास आणि ३ मिलिमीटर जाडी पुरेशी आहे. टिग वेल्डिंग झाल्यावर जोडांवरचा निळसर-काळा थर पिकलिंग पेस्टने काढून ते स्वच्छ धुवायला सांगावे. तो थर राहिला तर ३१६एल पोलादावरही एका हंगामात तांबूस डाग दिसू लागतात. डेकपासूनची लांबी साधारण अडीच मीटर होईल, म्हणजे समृद्धी महामार्गाने गाडीच्या टपावरून नेण्याइतकीच. पोलला २५ मिलिमीटर पाइपचे दोन तिरपे टेकू द्यावेत आणि त्यांची तोंडे एकमेकांपासून जितकी दूर ठेवता येतील तितकी ठेवावीत. केवळ पुशपिटच्या (स्टर्नभोवतीच्या कठड्याच्या) रेलिंगला बांधलेला पोल इंजिन चालू असताना थरथरतो, आणि त्या थरथरण्याने रेडोमच्या आतील फिरता भाग झिजतो. बुडाखाली डेकच्या आतल्या बाजूने रुंद पट्टी अवश्य द्यावी. पवनचक्की बसवायची असेल तर ती याच पोलवर बसवू नये.

उंचीची खालची मर्यादा माणसाच्या डोक्यावरून ठरते. कॉकपिटमध्ये उभ्या असलेल्या १.८ मीटर उंचीच्या मनुष्याचे डोके अँटेनापासून अडीच मीटरवर असेल, तर त्या अंतरावर झोताची खालची कड अँटेनाच्या ५५ सेंटीमीटर खाली आलेली असते. म्हणून अँटेना कॉकपिटच्या तळापासून २.४ मीटरपेक्षा खाली नको. आपल्या बोटीचा कॉकपिट पाण्यापासून सुमारे एक मीटर उंच असल्यास साडेतीन मीटरचा आकडा इथूनच येतो. आजच्या घन-अवस्था (सेमीकंडक्टरवर चालणाऱ्या) रडारची शक्ती जुन्या मॅग्नेट्रॉनच्या (लहरी निर्माण करणाऱ्या नळीच्या) किलोवॉटच्या तुलनेत फार थोडी असते आणि उत्पादक देतो ते सुरक्षित अंतरही लहान असते, तरीही सुकाणूवर रात्रभर उभ्या राहणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत झोत असू नये, हा नियम मी सोडत नाही. सेकंडहँड मॅग्नेट्रॉन रडार घेणार असाल तर त्यातील चुंबकामुळे होकायंत्रापासूनचे अंतर पुस्तिकेत पाहून पाळावे. फ्लक्सगेट सेन्सरलाही (इलेक्ट्रॉनिक होकायंत्रालाही) तेच लागू आहे. जीपीएसची अँटेना पुशपिटवर, झोताच्या बऱ्याच खाली ठेवावी.

डोलकाठीच योग्य ठरेल अशा बोटीही असतात. ज्यांचा स्टर्न अरुंद आणि टोकदार आहे, ज्यांचा बूम (मुख्य शिडाच्या तळाचा आडवा दांडा) स्टर्नच्या पलीकडे जातो, किंवा ज्या कॅटमरान असल्यामुळे मुळात फारशा कलतच नाहीत, त्यांनी डोलकाठी निवडावी. दोन डोलकाठ्यांच्या केच बोटीला मागची काठी ही तयार आणि उत्तम जागा असते. बॅकस्टेवर (डोलकाठीच्या माथ्यापासून स्टर्नपर्यंतच्या तारेवर) बसवायचे ब्रॅकेटही मिळतात आणि ते कलण्याबरोबर समतल होतात, पण बॅकस्टेचा ताण वारंवार कमी-जास्त करणाऱ्याने किंवा तो खाली दुभंगलेला असल्यास त्या वाटेला जाऊ नये.

भोक पाडण्याआधी एक दिवस खर्च करावा. पोलच्या लांबीचा बांबू ठरलेल्या जागी बांधून त्याच्या टोकाला रेडोमच्या आकाराची पुठ्ठ्याची चकती लावावी आणि दुपारच्या वाऱ्यात मुंबई बंदरातच दोन्ही बाजूंनी टॅक आणि जाइब (वारा पाठीशी असताना शीड दुसऱ्या बाजूला घेणे) करून पाहावे. बूम, मेनशीट (मुख्य शिडाची दोरी), बॅकस्टे, शिडी, मासेमारीचे गळ आणि किनाऱ्यावर चढणारी माणसे यांपैकी कशाला चकती लागते ते तेव्हाच कळते. सुकाणूवरून मागे पाहताना पोल कुठे आड येतो, हेही लक्षात घ्यावे.

रडार चालू झाल्यावर सर्वप्रथम नाळेची रेषा जुळवावी: दिवसा, शांत पाण्यात, एक-दीड मैलावरील एखादी बोया ठीक नाळेसमोर धरून पडद्यावर ती शून्यावर येते का ते पाहावे आणि फरक असल्यास मेनूमधून दुरुस्त करावा. नंतर त्या जागेवर बोट गोल फिरवून बोयेचा ठिपका कोणत्या दिशेला फिका होतो ते वहीत नोंदवावे. तीच आपल्या बोटीवरील डोलकाठीची सावली. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतील सातव्या नियमानुसार बोटीवर चालते रडार असेल तर त्याचा योग्य वापर करणे बंधनकारक आहे, त्यामुळे ही नोंद बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी पडद्याशेजारी लावावी. शेवटी भरल्या वाऱ्यात बोट २० अंश कलवून ब्रॅकेट आधी न जुळवता आणि मग जुळवून, आडव्या दिशेला एक मैलावर असलेली एकच होडी दोन्ही वेळा पाहावी. जुळवल्यावरही तिचा ठिपका स्पष्ट होत नसेल, तर ब्रॅकेटचा कोन चुकीचा आहे किंवा गेन (रडारची संवेदनशीलता) कमी ठेवला आहे असे समजून गोव्याला निघण्याआधी ते दुरुस्त करून घ्यावे.